लोखंड गेलं, घंटा राहिली

सोयाबीनची मळणी झाली, हातात चार पैसे आले आणि आमच्या आळीनं मारुतीच्या देवळाचा सभामंडप पाडायचं एकदाचं ठरवलं. स्लॅबला पोपडे सुटलेले, गज उघडे पडलेले, पाऊस आला की भजनी मंडळी टाळ सावरत कोरडा कोपरा शोधायची. पाडायच्या आधी घंटा उतरवायची म्हणून मिस्त्री शिडीवर चढला. खालून दोघांनी घंटेला खांदा दिला आणि त्यानं वरचा लोखंडी आकडा पकडीनं जरासा पिळला, तर आकडा मोडून त्याच्या हातातच आला! अंगठ्याएवढ्या जाड सळईचा आकडा, पण आत करंगळीएवढंही लोखंड उरलं नव्हतं. बाकी सगळा तांबडा भुगा.

"पाहा सर," मिस्त्री वरूनच ओरडला, "मारुतीरायानंच धरून ठेवली होती म्हणा. नाही तं कोणाच्या ना कोणाच्या टाळक्यात बसली असती."

सगळे आकड्याकडं पाहत होते. मी घंटेकडं पाहत होतो. गोणपाटावर आडवी ठेवलेली ती घंटा आयुष्यात पहिल्यांदा मला इतक्या जवळून दिसली. बाहेरून काळपट तपकिरी, खांद्याच्या गोलाईवर हिरवट थर, आणि आत जिथं लोळी आदळते तिथं दोन्ही बाजूंना पैशाएवढे पिवळे ठिपके, अगदी आरशासारखे लख्ख. काठावर कुणा दात्याचं नाव. भांड्यावर घालतात तसं ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं, आणि त्यातला एकही ठिपका बुजलेला नाही. मी पोलिश पेपरचा तुकडा घेतला आणि खांद्यावरचा हिरवा थर बोटभर जागेत घासला. खालून निघालं ते किंचित गुलाबी झाक असलेलं सोनं! नखानं टिचकी मारली तर आडव्या घंटेतूनसुद्धा बारीक सूर निघाला आणि तो संपतो कधी याची आम्ही वाट पाहत राहिलो.

आळीतल्या एका म्हाताऱ्या आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "घंटा? थे तं माळवदाच्या देवळातली आहे रे बाबू. माह्या लग्नाच्या आंधीची." म्हणजे ही घंटा आधी लाकूड-मातीच्या माळवदाखाली होती. माळवद गेलं. मग सिमेंटचा स्लॅब आला, आकडा तेव्हाचा. आता स्लॅबही गेला, आकडाही गेला. दोन छपरं संपली आणि घंटा आहे तशी! मी इथं रिठदला शाळेत मराठी शिकवतो. धातूंशी माझा संबंध दहावीच्या विज्ञानातल्या संमिश्रांच्या तक्त्यापुरता, तोही दुसऱ्याच्या तासाला पर्यवेक्षण करताना फळ्यावर वाचलेला. पण त्या दुपारी माझ्या डोक्यात जे शिरलं ते अजून उतरायला तयार नाही.

दुसऱ्याच सुट्टीला मी वाशीम गाठलं. मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला घंटेचा फोटो दाखवला. त्यानं फोटो पाहिलाच नाही, मी सांगितलेल्या आवाजावरूनच म्हणाला, "पितळ नाही ते सर, कासं आहे. पितळेत जस्त असतं, कास्यात कथील." मग बाकाखालच्या डब्यातून त्यानं विहिरीच्या जुन्या पंपाचा एक बुश काढून माझ्या तळहातावर ठेवला. "हा पाहा, गनमेटल. हे पण त्याच घरचं. शाफ्ट घासून घासून संपला, बुश बदलून मीच काढला, पण फेकवत नाही."

कासं, गनमेटल, ब्राँझ. सगळ्यांचा बाप तांबं आणि आई कथील. आणि मग जे मी वाचत सुटलो! तांबं मऊ. कथील तर इतकं मऊ की कल्हईवाल्याच्या हातातली त्याची कांडी सहज वाकते. हे दोन मऊ धातू एकत्र वितळवले की तिसरा निघतो तो दोघांपेक्षा कितीतरी कठीण! तांब्याला वितळायला १०८५ अंश लागतात, कथील २३२ अंशांवरच पाणी होतं, आणि दोघांचं मिश्रण शुद्ध तांब्यापेक्षा कमी उष्णतेत पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यांत शिरतं. म्हणूनच त्याच्यात नावाचा ठिपका, मूर्तीच्या पापणीची रेघ, घोड्याच्या आयाळीची बट हुबेहूब उतरते. कथील वाढवावं तसा स्वभाव बदलतो. शेकडा २२ च्या आसपास गेलं की घंटा: नाद मोठा, पण अंगात ठिसूळपणा, उंचावरून पडली तर तडकेल. शेकडा १० च्या आसपास ठेवलं की पुतळा: नाद कमी, सोशिकपणा जास्त. आणि ८५ भाग तांबं, मग कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५, हे आपल्या नळाच्या व्हॉल्व्हचं आणि पंपाच्या बुशचं गणित. मी ज्याला प्राचीन राजेरजवाड्यांचा धातू समजत होतो तो माझ्या न्हाणीघराच्या भिंतीत, नळाच्या पोटात बसलेला आहे, हे कळल्यावर मी घरी येऊन मेन व्हॉल्व्हला लोहचुंबक लावून पाहिलं. चिकटलं नाही. तेव्हापासून ते चुंबक माझ्या खिशात आहे. घरच्यांचा नाइलाज आहे.

पण खरी गंमत टिकण्याची. लोखंड आणि कासं दोघांनाही हवा-पाणी खातं. फरक पुढचा. लोखंडाचा गंज भुसभुशीत, सच्छिद्र. तो खालच्या लोखंडाला झाकत नाही, उलट ओल धरून ठेवतो. शिवाय तो फुगतो. ज्या लोखंडापासून झाला त्याच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. स्लॅबच्या पोटातला गज गंजला की त्याला जागा हवी, जागा नाही, मग तो सिमेंट फोडतो. आमच्या सभामंडपाचे पोपडे म्हणजे हेच. पाऊस निमित्त, घाव आतून. कास्यावर मात्र आधी तांबूस तपकिरी ऑक्साइडची घट्ट पापुद्री चढते, मग वर्षानुवर्षांनी तिच्यावर हिरवी खपली. ही खपलीच त्याचं चिलखत! ती आतल्या धातूला हवा लागू देत नाही, म्हणून झीज सुरुवातीला होते आणि मग मंदावत जाते. कोरड्या ग्रामीण हवेत तांबं वर्षाला एक मायक्रॉनही झिजत नाही, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्साही नाही. उघडं लोखंड याच्या कित्येक पटींनी जातं. आता मास्तरी हिशेब करा: पुतळ्याचा पत्रा आठ मिलिमीटर धरला तर आठ हजार मायक्रॉन. भागाकार मी फळ्यावर केला आणि नववीच्या वर्गासमोर गप्प उभा राहिलो. पोरं म्हणाली, "सर, आज मराठीच्या तासाला गणित?"

आणि मी ज्या खपलीला घाण समजून पोलिश पेपरनं घासून काढत होतो... जाऊ द्या, बोटभरच होती.

मग वाटलं, आपण कुठं राहतो ते तरी पाहावं. वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच शाखेच्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. वत्सगुल्माहून दिलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशीमलाच १९३९ मध्ये उजेडात आला. साधारण सोळाशे वर्षांपूर्वीचा! त्या राजांचे वाडे कुठं आहेत? त्यांचे लाकडी खांब, दारं, कड्याकोयंडे? काही नाही. दिलेल्या गावाचा दानलेख तांब्यावर होता म्हणून आज वाचता येतो. तांबं म्हणजे अजून कथील न घातलेलं कासं, एवढी सूट मला द्या. रामटेकजवळच्या हमलापुरीला सापडलेल्या वाकाटक काळातल्या बुद्धमूर्ती घ्या, मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनीला सापडलेल्या जैन मूर्ती घ्या. विदर्भाच्या काळ्या मातीत, म्हणजे उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आणि पावसाळ्यात गच्च होणाऱ्या मातीत, शतकानुशतकं पडून राहिलेलं ब्राँझ. त्या मातीत आमच्या कुंपणाचा लोखंडी खांब किती टिकतो, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

नागपूरच्या अजबबंगल्यात मी लहानपणी सहलीला गेलो होतो तो पेंढा भरलेले प्राणी पाहायला. आता मूर्ती पाहायला जाणार आहे, आणि रखवालदार नको म्हणेस्तोवर काचेला नाक लावून उभा राहणार आहे.

एवढ्यात मलिक-ए-मैदान समोर आली आणि माझी झोप उडाली. ही विजापूरच्या बुरुजावरची तोफ सगळ्यांना माहीत असते. ती ओतली गेली आपल्या अहमदनगरला, आता अहिल्यानगर, १५४९ मध्ये, निजामशाहीत! ओतणारा तुर्की कारागीर महंमद बिन हसन रूमी. वजन ५५ टनांच्या घरात, धातू घंटेचाच. ठोकली की घणघणते म्हणतात. तोंड सिंहाच्या जबड्यासारखं आणि जबड्यात हत्ती. पावणेपाचशे वर्षं झाली, बहुतेक काळ उघड्या आभाळाखाली, रंग नाही, वॉर्निश नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारनं निरुपयोगी माल म्हणून तिचा लिलाव पुकारला होता आणि सगळ्यात मोठी बोली आली होती दीडशे रुपयांची. पंचावन्न टन ब्राँझ, दीडशे रुपये! लिलाव रद्द झाला ही त्या बोली लावणाऱ्यांची कृपा. आज तेवढ्या धातूचं भंगारात काय येईल याचा हिशेब आमच्या गावातल्या भंगारवाल्यानं तोंडी केला आणि तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

नाशिकची नारोशंकराची घंटा तर म्हणीतच जाऊन बसली आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण ते नाव देतो आणि विसरतो. गोदावरीकाठचं ते देऊळ १७४७ चं, आणि घंटा वसईच्या १७३९ च्या विजयातली, पोर्तुगीजांकडून आलेली. गोदेला मोठा पूर आला की देवळाच्या भिंतींना पाणी लागतं, नाशिककर घंटेपर्यंत पाणी चढलं का ते विचारतात. चर्चच्या मनोऱ्यासाठी ओतलेली घंटा महादेवाच्या दारात, खाऱ्या हवेतून गोड्या पुरात, आणि तिला काही फरक पडलेला नाही. वसईच्याच घंटा भीमाशंकरला आहेत, वाईजवळ मेणवलीला आहेत. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, चर्चं पडली, इमारती ढासळल्या, घंटा मात्र नव्या घरी नांदल्या. इमारतीतला सगळ्यात दीर्घायुषी भाग कुठला, असं मला आता कुणी विचारलं तर मी दगडाच्याही आधी घंटेकडं बोट दाखवीन.

मग दिवाळीत पुण्याला भावाकडं गेलो, ते मुख्यतः एका घोड्यासाठी. शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आहे, १९२८ चा, शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर. अलिबागजवळच्या सासवण्याचे. साडेतेरा फूट उंच, वजन आठ टनांच्या आसपास. कल्पना राजर्षी शाहू महाराजांची, ओतकाम मुंबईत माझगाव डॉकमध्ये, कारण एवढं वितळलेलं ब्राँझ एका दमात ओतायची सोय जहाजं बांधणाऱ्यांकडंच असणार! एकसंध ओतकाम म्हणून त्याची कीर्ती आहे. ओतताना धातू मध्येच थंड झाला, हवा कोंडली, साचा फुटला, तर सगळं मुसळ केरात. आज आपण तुकडे ओतून वेल्ड करतो, त्यात काही वावगं नाही. पण सांधा नसलेली वस्तू समोर उभी असते तेव्हा तिच्याभोवती फिरताना डोळा अडखळतच नाही.

मी फिरलो, अगदी चाकोरी पडेल इतका. घोड्याच्या पोटाखाली मान वाकडी करून पाहिलं. वरच्या बाजूला, जिथं पाऊस थेट लागतो, तिथं रंग वेगळा. पोटाखाली, जिथं पाणी नुसतं ओघळतं, तिथं वेगळा. ओघळांच्या रेषा चौथऱ्याच्या दगडापर्यंत उतरलेल्या. शंभर पावसाळ्यांची नोंदवही म्हणा. भाऊ म्हणाला, "दादा, महाराजांकडं बघ की, पोटाखाली काय बघतोस?" महाराजांकडं बघितलंच. पण पुतळा पाहायला येणारा प्रत्येक जण महाराजांकडं बघतो. पोटाखाली बघणारा मी एकटाच होतो, आणि एका हवालदाराला त्याचा थोडा संशयही आला.

आता ती गोष्ट, जी टाळून ब्राँझवर बोलताच येत नाही. मालवणचा राजकोट किल्ला. ४ डिसेंबर २०२३ ला तिथं शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. तेव्हा गावागावांत जो संताप झाला तो मला आठवतो; आमच्या पारावर "ब्राँझमध्येच खोट असेल" असं म्हणणारेही होते. जोडणीचे नटबोल्ट गंजत आहेत हे कोसळण्याआधीच कागदावर आलं होतं, आणि नंतरच्या चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा, सदोष वेल्डिंग ही कारणं पुढं आली. खोट कातडीत नव्हती, हाडांत होती!

हे समजून घेताना मला आमचा आकडा आठवला नसता तरच नवल. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटले आणि मध्ये खारं ओलसर पाणी आलं की ती बॅटरीच होते. त्या बॅटरीत दोघांतला एक धातू विरघळतो आणि दुसरा सुखरूप राहतो. लोखंड आणि ब्राँझची जोडी असेल तर विरघळायचं काम नेहमी लोखंडाकडं. त्यातही वाईट प्रमाण म्हणजे मोठं ब्राँझ आणि छोटासा लोखंडी बोल्ट: सगळा मारा त्या बोल्टच्या जिवावर. उलट केलं, म्हणजे मोठ्या लोखंडी पत्र्याला ब्राँझचे बोल्ट लावले, तर लोखंडाचं नुकसान मोठ्या क्षेत्रावर पसरतं आणि निभतं. म्हणजे नुसतं "काय वापरलं" हे पुरेसं नाही, "कशानं धरलं" हेही विचारायला हवं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचा तांब्याचा पातळ पत्रा १८८६ पासून समुद्रात उभा आहे. तो हिरवा झाला, पण झिजला फारसा नाही. आतल्या लोखंडी पट्ट्या मात्र खाल्ल्या गेल्या. बांधणाऱ्यांना हा धोका माहीत होता, त्यांनी दोन धातूंमध्ये लाखेत भिजवलेलं ॲस्बेस्टसचं कापड घातलं होतं. कापड जीर्ण झालं, ओल धरू लागलं. १९८४ ते ८६ मध्ये त्या सगळ्या पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घालाव्या लागल्या. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्ती करणाऱ्यांनी संगमरवरात घातलेल्या लोखंडी पट्ट्यांनी फुगून संगमरवरच फोडला. प्राचीन ग्रीकांनी लोखंडच वापरलं होतं, पण ते शिशानं वेढून. आता तिथं टायटॅनियम घालतात.

राजकोटला २०२५ मध्ये नवा, साठ फुटी पुतळा उभा राहिला, राम सुतार यांच्या संस्थेनं केलेला. आणि आमच्या देवळात? मी समितीसमोर गनमेटलच्या आकड्याचं भाषण ठोकलं. स्वातंत्र्यदेवता, पार्थेनॉन, सगळं बाहेर काढलं. आबा, म्हणजे समितीचे अध्यक्ष, शांतपणे ऐकून घेत म्हणाले, "सर, जहाज नाही टांगायचं आपल्याले." शेवटी स्टेनलेसचा आकडा आला आणि घंटेच्या कडीखाली मिस्त्रीनं चामड्याची जाड चकती घातली, कडी आकड्यावर घासू नये म्हणून. हवा कोरडी, छप्पर वर, समुद्र शेकडो कोस दूर: इथं स्टेनलेस चालतं, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. चामड्याची चकती कुणी शिकवली म्हणून विचारलं तर मिस्त्री म्हणाला, "बापानं." पार्थेनॉनचा विषय तिथंच संपला.

पण माझा काही संपला नाही. कारण आता मला इमारतीच दिसायला लागल्या आहेत. सरदार पटेलांचा केवडियाचा पुतळा मी आजवर पुतळाच समजत होतो. १८२ मीटर! आत काँक्रीटचे उंच गाभे, लिफ्ट, पाहण्याची गॅलरी, वरून पोलादी सांगाडा आणि त्याच्यावर ब्राँझच्या पाट्या. ही ब्राँझ ल्यालेली इमारतच झाली की! रचना राम सुतारांची, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या माणसाची. पाट्या मात्र चीनमध्ये ओतल्या गेल्या. एवढं ओतकाम इथं व्हायला हवं होतं, असं मला आपलं वाटतं. अहमदनगरच्या निजामशाहीतून पंचावन्न टनांची तोफ निघते आणि माझगाव डॉकमधून आठ टनांचा घोडा, तर आपण काही अगदीच कोऱ्या पाटीचे नाही. दिल्लीच्या नव्या संसदेच्या माथ्यावरची सिंहमुद्रा ब्राँझची, साडेसहा मीटर उंच, साडेनऊ हजार किलोंची. ती घडवणाऱ्यांत आपले सुनील देवरे आहेत. न्यूयॉर्कला १९५८ मध्ये सीग्रॅम नावाची अडतीस मजली इमारत झाली, तिच्या दर्शनी भागाला खालपासून वरपर्यंत ब्राँझच्या उभ्या पट्ट्या, आणि त्या हिरव्या पडू नयेत म्हणून माणसं त्यांना तेल चोळतात! मी असतो तर हिरव्या होऊ दिल्या असत्या. पण इमारत त्यांची आहे.

आणि रोमचं पँथिऑन! दुसऱ्या शतकातलं. त्याचे दरवाजे ब्राँझचे, अजून उघडतात आणि मिटतात. घुमटावर सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझच्या कौलांचं छप्पर होतं. ते ६६३ मध्ये एका सम्राटानं काढून नेलं. ओसरीच्या छताचं ब्राँझ सतराव्या शतकात पोपनं काढलं आणि त्याच्या तोफा ओतल्या. वाचताना माझ्या लक्षात आलं की ब्राँझला हवा मारत नाही, पाऊस मारत नाही, माणूस मारतो. ते वितळवलं की पुन्हा तेवढंच कामाचं होतं, हा त्याचा गुण आणि हाच त्याचा घात. जुन्या देवळांतून घंटा चोरीला जातात त्या वाजवायला नाहीत. तांब्याचा भाव आज सळईच्या दहापटीहून पुढं आहे, कथील तर त्याहून महाग. म्हणून समितीनं घंटेच्या आकड्याला कुलूपही लावलं आहे, आणि ते कुलूप लोखंडी आहे, यावर मी आता काही बोलत नाही.

एक आजारही आहे, तो सांगायलाच हवा, नाहीतर माझी ही सगळी भक्ती आंधळी ठरेल. क्षार, म्हणजे क्लोराइड, ब्राँझच्या पोटात शिरले आणि ओल मिळाली की फिकट हिरवी भुकटी सुटायला लागते. ती घट्ट खपली नसते, ती पसरते आणि खात जाते. संग्रहालयवाले तिला ब्राँझचा रोगच म्हणतात आणि रोगी वस्तू कोरड्या हवेत ठेवतात. ओळखायची खूण सोपी: चांगला हिरवा नखानं निघत नाही, वाईट हिरवा बोटाला लागतो. आमची घंटा मी तपासली. बोट कोरडं.

सध्या आमच्या घराचं बांधकाम चालू आहे, आणि समितीत हरलेली लढाई मी आता दारात लढतो आहे. सगळं घर ब्राँझचं करायला मी कुणी पोप नाही. पण ज्याला रोज हात लागतो ते एक हँडल? तांब्याच्या संमिश्रांवर जंतू फार काळ जगत नाहीत हे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २००८ मध्ये अधिकृतपणे मान्य केलं आहे, हा मुद्दा मी घरात पहिला मांडला, कारण तो बिनविरोध मंजूर होतो. वाशीमच्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारलं तर पितळी पाणी चढवलेली जस्ताची हँडलं पुढं आली. खिशातलं चुंबक इथं फसतं, जस्तालाही ते चिकटत नाही. हातात वजन करून पाहावं लागतं, जस्त हलकं लागतं. एक दुकानदार म्हणाला, "गनमेटल पाहिजे तं ओतून आणावं लागते. किलोवर भाव." मग कागद घेतला. अडीच सेंटीमीटर जाड, पंचवीस सेंटीमीटर लांब, गोल दांडी. घनफळ सव्वाशे घन सेंटीमीटरच्या आत. एका घन सेंटीमीटरला पावणेनऊ ग्रॅम. एक किलोला थोडं जास्त. शिवाय त्याला धरणारे स्क्रू ब्राँझचेच, लोखंडाचे अजिबात नाहीत. ही अट मी कागदावर दोनदा अधोरेखित केली.

तो कागद मिस्त्रीला दाखवला. त्यानं चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिला, दांडीची जाडी अंगठ्यानं मापली, स्क्रूच्या ओळीशी थांबला, मान डोलावली.

"हे पिढ्यान्‌पिढ्या जाईन सर," तो म्हणाला. "पण दार कायचं सांगतलं होतं तुम्ही? प्लायवूडचंच ना?"

सागवानाचा भाव आता मी विचारतो आहे.